दांडी धरणारा माणूस

सोयाबीनच्या राशी उरकायच्या दिवसांत आमच्या भागात एक हाक सगळ्या शिवारातून ऐकू येते. ‘घे, मागं घे, घे… अजून टिचभर… बास, बास!’ ट्रॅक्टर मागं येत असतो, आणि ज्याच्या तोंडून ही हाक निघते तो माणूस ट्रॉलीची दांडी दोन्ही हातांत उचलून उभा असतो. त्याच्या पाठीशी ट्रॉली, समोर ट्रॅक्टरची दोन मोठी चाकं, आणि त्या चाकांच्या मधोमध लोखंडी हूक. दांडीच्या टोकाची कडी हुकाच्या भोकाशी जुळली की वरून पिन टाकायची, एवढंच काम. पण तेवढ्या वेळात तो माणूस दोन लोखंडांच्या मधे असतो, आणि चालवणाऱ्याला तो धड दिसतही नसतो.

हे काम मी लहानपणी पुष्कळ केलं आहे. आमचं गाव कंधार तालुक्यात. आबा ट्रॅक्टरवर, दादा शाळेच्या गावी. मग घरात जे कोणी रिकामं असेल ते दांडी धरायचं. कधी आई, कधी मी. आजही आमच्याकडे हे काम बहुतेक वेळा घरातल्या बाईकडे, पोराकडे किंवा सालगड्याकडे येतं. स्टिअरिंग ज्याच्या हाती त्याचं कौतुक होतं, ‘एका झटक्यात लावली’ म्हणून. दांडी कोणी धरली हे कोणी विचारत नाही. ट्रॉली सहज कशी जोडावी याच्या युक्त्या मी शेतात, रस्त्यावर, वर्कशॉपात, जिथं दिसतील तिथं बघत आले आहे. चांगली युक्ती ओळखायची माझी खूण एकच: तिनं तो मधला माणूस बाहेर येतो का?

ट्रॅक्टर येण्याआधी आमच्या नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत ओढायचं काम बैलांचं होतं, आणि बैल इथलेच होते. कंधार-लोह्याकडचा गडद तांबडा लाल कंधारी, आणि माझ्या आजोळाकडचा, लातूर जिल्ह्यातला देवणी. देवणीत वानेरा, बालंक्या, शेवरा असे रंगाचे प्रकार. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला शेवरा मामांचा फार लाडका. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ही जनावरं अजूनही मिरवत येतात, आणि मामा अजूनही केवळ बघायला म्हणून तिथं जातात.

मामांना गाडी जुंपताना बघणं हा माझा सुट्टीतला आवडता उद्योग होता. गाडीच्या पुढं टेकू लावलेला असे, त्यामुळं जू जमिनीवर कधी पडलेलं नसायचं. मामा जू छातीइतकं उचलायचे आणि बैलाला नावानं हाक मारायचे. बैल आपण होऊन येऊन मान खाली घालायचा. उजवीकडचा उजवीकडं, डावीकडचा डावीकडं. बाजू ठरलेली, ती बदलली तर जनावर बावरतं. मग शिवळा, जोतं, कासरा, आणि निघाली गाडी. मधे कोणी उभं राहायचा प्रश्नच नव्हता, कारण जोडून घेणारा स्वतः जिवंत होता. त्याला डोळे होते, माणसाचा पाय मधे आला तर तो थबकायचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणीला मामी त्या बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळायची. वर्षभर जिथं जू टेकतं तीच ती जागा.

बैल मानेनं सगळं सांभाळत होता. उंची कमीजास्त असली तर मान झुकवायचा, जरा बाजूला असला तर सरकायचा. ट्रॅक्टर हे काही करत नाही. बैलाची ती समज कोणाकडून तरी भरून काढावी लागते, आणि आपण ती दांडी धरणाऱ्याच्या पाठीतून, खांद्यातून आणि बोटांतून भरून काढत आलो. माझ्या एका चुलत्यांच्या उजव्या तर्जनीचं पेर नाही. पिन घालताना कडी हलली, एवढीच त्याची हकिगत. गावात अशी हकिगत असलेले ते एकटे नाहीत, आणि पेरावर निभावलं ते नशीबवान म्हणायचे.

म्हणून युक्त्यांकडे येते. पहिली आणि सगळ्यांत मोठी युक्ती जोडायच्या वेळची नाहीच, सोडायच्या वेळची आहे. ट्रॉली जोडताना जी झोंबाझोंबी होते तिचं बी आदल्या संध्याकाळी पेरलेलं असतं. दमलेला माणूस घरी येतो, उताराला, गोठ्याच्या कोपऱ्यात, जिथं जागा दिसेल तिथं पिन उपसतो आणि दांडी धाडकन खाली टाकतो. सकाळी तीच दांडी मातीत रुतलेली असते. ट्रॉली सोडायची जागा ठरलेली असावी: सपाट, टणक, आणि समोर ट्रॅक्टर सरळ मागं घेता येईल एवढा, निदान पंधरा-वीस फूट मोकळा पट्टा असलेली. आधी चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ओंडके, मग दांडीला टेकू, आणि पिन सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटा झाला की ट्रॉली स्वतःच्या मनानं चालायला लागते.

टेकूविषयी जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी सोय तिथंच आहे. दोन चाकी ट्रॉलीच्या दांडीवर भाराचा काही हिस्सा येतो. रिकामी असली तरी ती जड, भरलेली असली तर कोणाच्या बापाला उचलणार नाही. अशा ट्रॉलीला पुढं हातानं फिरवायचा स्क्रूचा जॅक बसवून घ्यावा. मूठ फिरवली की दांडी बोटा-बोटानं वर-खाली होते, आणि फिरवणारा बाजूला उभा राहून फिरवतो. दांडीची कडी हुकापेक्षा बोटभर उंच ठेवायची, ट्रॅक्टरचा हूक तिच्याखाली आणायचा, मग मूठ उलटी फिरवून कडी अलगद खाली बसवायची. उंचीचा सगळा वाद तिथं मिटतो. आमची जमीन काळी, चिकण. पावसाळ्यात जॅकचा पाय तिच्यात रुततो आणि सकाळी दांडी चार बोटं खाली गेलेली असते. त्याला उपाय म्हणजे पायाखाली एक सपाट शहाबादी फरशी किंवा जाड फळी. आमच्याकडे ती फरशी ट्रॉलीतच पडलेली असते, म्हणजे शोधावी लागत नाही.

चार चाकी ट्रॉलीचं दुखणं वेगळं. तिचा भार चारही चाकं घेतात, पण दांडी पुढच्या फिरत्या चाकांना बिजागरीसारखी जोडलेली असते. सुटली की भुईवर लोळते, आणि कडेला ढकललं की चाकांसकट फिरते. म्हणून ही दांडी कोणीतरी धरून ठेवायची अशी वहिवाट पडली. खरं तर ट्रॉलीच्या पुढच्या पट्टीला एक साखळी वेल्ड करून तिच्या आकड्यात दांडी हुकाच्या उंचीला अडकवून ठेवता येते. साखळीची कोणती कडी अडकवायची ते एकदा बघून तिला लाल रंग लावला की दुसऱ्या दिवसापासून मोजमापाची गरज नाही. साखळी नसेल तर चार विटा किंवा लाकडाचा ठोकळा. ठोकळा मांडा आणि बाजूला व्हा.

मग चालवणाऱ्याचं काम. ट्रॅक्टर लांबूनच ट्रॉलीच्या रेषेत आणावा. शेवटच्या दोन हातांत स्टिअरिंग फिरवून रेषा साधत नाही, कारण वळतात पुढची चाकं आणि हूक असतो मागं. ट्रॉलीच्या पुढच्या फळीवर बरोबर मध्यावर पांढऱ्या रंगाची उभी पट्टी ओढावी, किंवा लाल फडकं बांधलेली काठी उभी करावी, आणि मान एकाच खांद्यावरून वळवून तिच्यावर नजर धरावी. दोन्ही खांद्यांवरून आलटून पालटून बघणारा माणूस हमखास वाकडा येतो. सगळ्यांत खालचा गिअर, थ्रॉटल कमी, आणि वीतभर अलीकडं पूर्ण थांबायचं. उरलेली वीत मुंगीच्या पावलानं. चुकलं, कडी चार बोटं बाजूला राहिली, तर दांडीला खांदा लावायला कोणाला सांगू नये. पुढं जाऊन पुन्हा यावं. पुन्हा यायला एक मिनिट लागतं, आणि ते मिनिट वाचवायला आपण माणसाची फासळी पणाला लावतो, हे मला कधीच समजलेलं नाही.

खुणा आधी ठरवून घ्याव्यात. इंजिनाच्या आवाजात ‘बास’ आणि ‘घे’ यांतला फरक ऐकू येत नाही. तळहात उघडा वर म्हणजे थांब, मूठ फिरवली म्हणजे ये, एवढ्या दोन पुरतात. खूण करणारा ट्रॅक्टरच्या कडेला, चाकांच्या बाहेर, चालवणाऱ्याला दिसेल असा उभा हवा. तो दिसेनासा झाला की ब्रेक दाबायचा. तो कुठं गेला असेल याचा अंदाज बांधत मागं यायचं नाही. कडी आणि हूक जुळले की गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद. त्यानंतरच कोणीतरी मधे जाऊन पिन घालायची. चालवणाऱ्यानंच खाली उतरून घातली तर सगळ्यांत चांगलं.

पिनेच्या बाबतीत आपल्याकडे फार हेळसांड चालते. मूळची पिन हरवते आणि तिच्या जागी सळईचा तुकडा, जुना बोल्ट, हाताला लागेल ते येतं. पिन भोकात नीट भरणारी, डोक्याला धरायला लांब मूठ असलेली हवी, म्हणजे बोटं कडीच्या तोंडाशी न्यावी लागत नाहीत. खालून खिळी पाहिजेच. खडबडीत रस्त्यावर नुसती पिन उडून बाहेर येते. जोडीला एक साखळी, म्हणजे पिन गेलीच तर ट्रॉली साखळीवर तरी राहील. वर्षातून एकदा, दसऱ्याला ट्रॅक्टर धुऊन पूजा करतोच आपण, तेव्हा कडीचं भोक बघावं. गोल भोक लांबट झालं असेल तर ती कडी बदलायला आली. अडकलेली पिन हातोड्यानं मारून काढू नये; ट्रॅक्टर चार बोटं मागं घेतला की ताण सुटतो आणि पिन आपसूक निघते. आणि पलटी ट्रॉली असेल तर हायड्रॉलिकचा पाइप लावण्याआधी इंजिन बंद करून लिव्हर हलवावा, म्हणजे आतला दाब उतरतो, आणि तोंडावरची धूळ फडक्यानं पुसावी. तेवढी धूळ तेलात गेली की पुढं खर्च दाखवते.

दोन गोष्टी जीवावरच्या आहेत. ट्रॉलीची ओढ नेहमी खालच्या हुकालाच लागली पाहिजे. आकडा मोडलाय म्हणून साखळी वरच्या टॉप लिंकच्या जागेला बांधून भरलेली ट्रॉली ओढायला गेलेला ट्रॅक्टर पुढून उचलला जातो आणि मागं चालवणाऱ्याच्या अंगावर येतो, कारण ओढ मागच्या चाकांच्या आसाच्या वर गेलेली असते. दुसरी गोष्ट मामांना बैलगाडीपासून ठाऊक होती. माल मागं जास्त भरला की गाडी उलाळ होते, जू वर जातं आणि बैलांचे गळे आवळतात. दोन चाकी ट्रॉली उलाळ झाली तर पिन काढताच दांडी ताडकन वर उसळते, आणि तिच्यावर वाकलेल्या माणसाची हनुवटी तिथंच असते. म्हणून वजन थोडं पुढं राखून भरावं, आणि ट्रॉली सोडून ठेवून माल उतरवायचा असेल तर पुढून आधी रिकामी करू नये.

हे सगळं खळ्यात, उजेडात, आपल्या घरच्या माणसांबरोबर करायचं झालं. उसाच्या फडात परिस्थिती निराळी असते. मांजरा आणि रेणा या नद्यांच्या पट्ट्यात, त्याच नावांच्या कारखान्यांकडे, आणि इकडं नांदेड जिल्ह्यात भाऊराव चव्हाण कारखान्याकडे दिवाळीनंतर ट्रॅक्टरांच्या रांगा सुरू होतात. एका हेडमागं, म्हणजे ट्रॅक्टरमागं, दोन ट्रॉल्या. भिजल्या काळ्या रानातून दोन भरलेल्या ट्रॉल्या एकदम निघत नाहीत, म्हणून आधी एक बाहेर सडकेला आणून सोडायची, मग दुसरी आणायची, आणि सडकेवर एकीमागं एक जोडायची. हे बहुतेक अंधारातच चालतं. बीडच्या डोंगरपट्ट्यातून, आमच्याच कंधार-मुखेडच्या वाड्या-तांड्यांवरून आलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, पहाटेपासून मोळ्या बांधून दमलेले असतात. मोबाइलच्या उजेडात कोणीतरी दांडी धरतो. दुसरी ट्रॉली जोडताना चालवणारा आणि दांडी धरणारा यांच्यामधे उसानं शिगोशीग भरलेली एक अख्खी ट्रॉली असते. चालवणाऱ्याला खूण दिसत नाही, हाक ऐकू येत नाही. पोरं आसपास असतात, कारण त्यांना ठेवायला दुसरी जागा नसते.

तिथं निदान तीन गोष्टी असायलाच हव्यात असं मला कळकळीनं वाटतं: मागच्या हुकावर पडणारा एक दिवा, दांडी तोलून धरणारी साखळी, आणि पहिल्या ट्रॉलीच्या कडेला दोघांनाही दिसेल असा उभा राहणारा तिसरा माणूस. उसाची ने-आण करार करून होते. ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर आहे का हे हंगामाच्या सुरुवातीला बघितलं जातं. त्याच वेळी पुढची दांडी, पिन आणि खिळी का बघू नये?

असं बदलता येतं याला दाखला आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मालगाडीचे डबे अगदी आपल्या ट्रॉलीसारखे जोडत, कडी आणि पिनेनं. डबा मागं यायचा आणि ब्रेकमन दोन डब्यांच्या मधे उभा राहून कडी हातानं धरायचा. कामगार किती जुना हे त्याची किती बोटं गेली यावरून ओळखतात, असं तिकडं म्हणत. व्हर्जिनियातल्या ईली जॅनी नावाच्या, दुकानात कारकुनी करणाऱ्या माणसानं 1873 साली एका नव्या जोडणीचं पेटंट घेतलं. दोन हातांची वाकडी बोटं एकमेकांत अडकावीत तसे तिचे दोन आकडे डबे टेकताच एकमेकांत बसायचे. मधे माणूस लागायचाच नाही. युक्ती होती, पण कंपन्यांना खर्च नको होता. तिच्यासाठी वर्षानुवर्षं झगडला तो आयोवातला लॉरेन्झो कॉफिन, आणि तो शेतकरी होता. डबे जोडताना एका ब्रेकमनची बोटं गेलेली त्यानं डोळ्यांनी बघितली होती. त्यानंतर सभा, पत्रं, अर्ज, असं त्यानं सोडलं नाही. अखेर 1893 साली तिथल्या सरकारनं आपोआप अडकणाऱ्या जोडण्या सक्तीच्या करणारा कायदा केला. आणि हा बदल तिकडंच राहिला नाही. आज लातूरजवळ हरंगूळला रेल्वेचे डबे बनवण्याचा कारखाना आहे. 2020च्या डिसेंबरात तिथं पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. आपल्या रेल्वेचे नवे डबे जॅनीच्या त्या जोडणीच्या वंशातल्याच आकड्यांनी एकमेकांना धरतात.

शेतीतही हे होऊन गेलं आहे. उत्तर आयर्लंडमधल्या शेतकरी घरातला हॅरी फर्ग्युसन, ज्याचं नाव मॅसी फर्ग्युसनमुळं आपल्या गावोगावी पोचलं, त्याच्या ट्रॅक्टरला दुसऱ्या महायुद्धानंतर एक हूक मिळू लागला. चालवणारा सीटवर बसूनच तो हायड्रॉलिकनं खाली सोडायचा, कडीखाली न्यायचा, उचलायचा, आणि खटका बसायचा. ट्रॉलीची चाकंही त्यानं मुद्दाम मागं ठेवली, म्हणजे भाराचा हिस्सा ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर यावा आणि ती चिखलात घसरू नयेत. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागं मात्र अजून साधी पिनच आहे, कारण ग्राहक म्हणून आपण हॉर्सपॉवर विचारतो, अ‍ॅव्हरेज विचारतो, कर्जाचा हप्ता विचारतो, आणि दांडी कोण धरणार हे विचारत नाही.

गेल्या वर्षी दादानं नवी ट्रॉली करायला टाकली. सौदा करायला तो आणि मी निघालो तर वहिनी म्हणाली, मीही येते. वर्कशॉपात पत्रा किती जाड, टायर कोणते, रंग कोणता, याच्यावर दादा आणि वर्कशॉपवाला यांचं बोलणं चाललं होतं. वहिनी पुढं जाऊन नुसत्या चौकटीच्या तोंडाशी उभी राहिली.

‘हिला जॅक कुठाय?’ तिनं विचारलं.

‘जॅक जादाचा पडतो, ताई,’ वर्कशॉपवाला म्हणाला. ‘लोक घेत नाहीत. धरायला असतंयच की कुणीतरी घरचं.’

‘ते घरचं कुणीतरी मीच हाय,’ वहिनी म्हणाली. ‘अन् मी काय आता धरायली नाही. जॅक लावा, मूठवाली पिन द्या, अन् खिळी साखळीला बांधून द्या, नाहीतर हे दोन दिसांत हरवून येतेत. रंग कोणता बी चालंल.’

दादानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग त्यानं खिशातली चिठ्ठी काढून तिच्यावर रंगाच्या आधी जॅक लिहिला.